तीन पायऱ्यांचा उतार

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, म्हणून पत्र. निवांत बसून वाचा आणि वाचताना हातात लाल पेन घेऊ नका. तुमची नोकरी संपून नऊ वर्षं झाली, आता माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला माफी असू दे.

ह्यांना झटका येऊन या महिन्यात अकरा महिने होतील. उजवं अंग अजून सुस्तच आहे. डावा हात, डावा पाय चालतो आणि जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते. चाकाच्या खुर्चीतून घरभर फिरतात. बावीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस आता शिवणखोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून शिवणखोलीत फेऱ्या मारतोय. मोरीपाशी पोचले की ओरडतात, "शेवटचा थांबा, उतरून घ्या!" मी हसते. मग मान खाली घालून मशीन जोरात चालवते.

घराच्या दारापासून फुटपाथपर्यंत फक्त तीन पायऱ्या आहेत, तुम्ही पाहिल्यात. नोव्हेंबरमध्ये तपासणीला न्यायचं होतं तेव्हा दोन हमाल बोलावले. त्यांनी खुर्चीसकट उचललं. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "याच्यापेक्षा कपाट बरं, ते निदान हलत नाही." हेही हसले त्यांच्याबरोबर. घरी आल्यावर मला म्हणाले, "आता मला उचलायचं नाही. पुन्हा नाही." तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. पुढची तपासणी चुकवली. दिवसभर खिडकीशी बसतात आणि हल्ली बाहेर बघायचंही कमी केलंय.

मला दारापुढे उतार बांधायचा आहे, रॅम्प. पण तो फुटपाथवर येणार, म्हणजे शहर कचेरीची परवानगी हवी. आणि परवा समोरच्या खांबावर नोटीस लागली. आमच्या रस्त्याचा फुटपाथ नवा करणार आहेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम आमच्या दाराशी येईल. नवी फरशी बसली की पाच वर्षं तिला कुणी हात लावायचा नाही. मामा, पाच वर्षं ह्यांना घरात बसवून ठेवलं तर माझ्याकडे कोण उरेल, मला सांगता येत नाही.

तुम्ही अशाच कचेरीच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलीत. दुसऱ्या गावची का असेना, खिडकी ती खिडकीच. काय करू ते सांगा.

तुमची,
ठकू


१४ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, आता कान देऊन ऐक. हे मी म्हणतोय, यावर हसू नकोस.

पहिली गोष्ट, खिडकीवर जाऊन रडायचं नाही. मी तीस वर्षांत पुष्कळ रडणारी माणसं पाहिली. आम्ही त्यांना पाणी देत असू आणि परत पाठवत असू. तू आपली चौकशी केल्यासारखी उभी राहा. अर्ज घरमालकाच्या नावानं असतो, म्हणजे जावईबापूंच्या. त्यांची सही डाव्या हाताची असेल तर तसं बाजूला लिही, नाहीतर सही जुळत नाही म्हणून एक फेरी वाया जाईल.

मग नकाशा. रॅम्पचं गणित सोपं आहे. एक इंच चढ असेल तर बारा इंच लांबी धरायची, म्हणजे खुर्ची घसरत नाही. तेव्हा पायऱ्यांची उंची नीट मोज. एकदम तिन्ही नको, प्रत्येक पायरी वेगळी मोजून मांड आणि खाली बेरीज कर. कचेरीला बेरीज दिसली की बरं वाटतं. रॅम्प भिंतीला चिकटून, तीन फूट रुंद. उरलेल्या फुटपाथवर चालणाऱ्यांना सहा फूट तरी मोकळे राहिले पाहिजेत. तुमचा फुटपाथ मला आठवतो, ऐसपैस आहे, त्याची काळजी नाही.

नकाशावर उत्तर दिशा दाखव. विसरू नकोस. बाणाला काही लागत नाही.

मोजायला दुसऱ्या कुणाला लावू नकोस. मोजमापात तुझा हात धरणारा कुणी नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

मामा


२५ जानेवारी

मामा,

उत्तर दिशा दाखवली. इतका मोठा बाण काढला की खिडकीवरचा चष्मेवाला आधी त्याच्याकडेच बघत राहिला.

नकाशाला मोठा कागद नव्हता, म्हणून मी आपला कापायच्या नमुन्यांचा खाकी कागद घेतला. तो उलगडला तर खिडकीतून आत त्याच्या टेबलावर, तिथून त्याच्या मांडीवर. चष्मेवाला म्हणाला, "बाई, हा रॅम्प आहे का घागरा?" पण माणूस वाईट नाही. त्यानं अर्ज शेवटपर्यंत वाचला. तुम्ही म्हणता तसं मी चौकशी केल्यासारखी उभी राहिले. 

अडचण आली ती अशी. तिन्ही पायऱ्या मोजल्या. सात, सात आणि सात, एकवीस इंच. म्हणजे रॅम्प एकवीस फूट लांब. आणि आमच्या दारापासून आमची भिंत संपते तिथपर्यंत जागा आहे एकोणीस फूट. मी खात्री करायला शिवणाच्या खडूनं फुटपाथवर रेघ मारून पाहिली. रेघ दोन फूट पुढे जाते, सायकलच्या दुकानासमोर. चष्मेवाला म्हणाला, शेजाऱ्याच्या दारासमोर काही येत असेल तर त्याची लेखी संमती लागेल. ती फेब्रुवारी संपायच्या आत आणा, मग पाहणीला इंजिनिअर येतील. त्यानंतर आली तर फुटपाथच्या कामाआधी मंजुरी होणार नाही.

मामा, सायकलवाले भाऊजी आमच्याशी सहा वर्षं बोलत नाहीत. कारण तुम्हाला ठाऊक आहे. ते सही करतील असं मला वाटत नाही. दुसरा काही मार्ग असेल तर कळवा.

ठकू


३० जानेवारी

ठकू,

कारण न आठवायला काय झालं! हाच ना तो, जो दुरुस्तीला आलेल्या सायकली फुटपाथभर मांडून ठेवायचा? तुझी ती गिऱ्हाईक बाई त्यात अडकून पडली आणि तिचा हात मनगटाजवळ मोडला. तू त्याला तीनदा सांगून पाहिलंस, त्यानं कानाआड केलं. मग मीच तुला तक्रारीचा मसुदा लिहून पाठवला होता. काय मसुदा होता! तीन परिच्छेद, पण त्यात पळवाट म्हणून ठेवली नव्हती. आठवड्यात कचेरीची गाडी आली आणि सहा सायकली उचलून घेऊन गेली. तो मसुदा मी इथे दोघातिघांना वाचूनही दाखवला होता.

म्हणून म्हणतो, असल्या माणसापुढे हात जोडायचे नाहीत. त्याला कळव की संमती देणार नसशील तर तुझ्या दुकानाबाहेर काय काय ठेवलेलं असतं, त्याची यादी आम्ही पुन्हा कचेरीत देऊ. भाषा नम्र ठेवायची. मजकूर मी सोबत जोडला आहे, तू फक्त उतरवून काढ.

जावईबापूंचं नाव सगळीकडे नीट लिही.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

तुमचा मजकूर उतरवून काढला नाही. तुमच्यावर रागावले नाही, पण तुम्हाला एक गोष्ट सहा वर्षं सांगितलेली नाही, ती आज सांगते.

तुमच्या त्या तक्रारीवर मी माझं नाव घातलं नव्हतं. घर ह्यांच्या नावावर, म्हणून ह्यांचं नाव घातलं आणि सहीही मीच ठोकून दिली. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. कारण तुम्हाला हे माहीत नसेल, पण ते दोघं जिवाभावाचे दोस्त होते. ह्यांची ड्युटी संपली की बस आगारात आणि हे सायकलच्या दुकानात. तिथे एका उपड्या पेटीवर बुद्धिबळाचा पट, दोघांच्या मध्ये चहा आणि दोघं एकमेकांना मूर्ख म्हणत बसलेले. मला वाटायचं, ह्यांच्यासमोर सायकलींचा विषय काढला की हे हसण्यावारी नेतात. मला राग होता. माझं गिऱ्हाईक पडलं होतं, माझंही चुकलं नव्हतं.

सायकली उचलून नेल्या त्या दिवशी भाऊजी कचेरीत जाऊन नाव वाचून आले. आमच्या दारात उभे राहिले आणि ह्यांना म्हणाले, "हे तू लिहिलंस?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवर होते. मी एक बाही शिवत होते, ती शिवत राहिले. हे म्हणाले, "हो. मी लिहिलं." भाऊजी मग पुष्कळ बोलले. हे उभे राहून ऐकत होते. त्यानंतर ह्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. आधी वाटलं, राग उतरला की सांगू. मग इतके दिवस गेले की सांगायला लाज वाटू लागली.

ह्यांना झटका आला त्या सकाळी रुग्णवाहिका दारात होती तेव्हा भाऊजी पायऱ्यांच्या खाली उभे होते. हातात पाना तसाच. पायरी चढून आत आले नाहीत. ती चूक त्यांची नाही, माझी आहे.

एक सांगायचं राहिलं. माझी खडूची रेघ अजून फुटपाथवर आहे. भाऊजी रोज सकाळी दुकानापुढे झाडतात. पण रेघेचं टोक जिथे त्यांच्या बाजूला गेलंय, तेवढ्यावरून झाडू फिरवत नाहीत. मी चार दिवस बघतेय. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही.

ठकू


११ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग चालायला बाहेर पडलो. तुला त्या माणसाला धमकी द्यायला सांगितली, याची मला लाज वाटते. मी जोडलेला मजकूर फाडून टाक.

तू मला तुझी गोष्ट सांगितलीस, मीही एक सांगतो. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती तेव्हा माझ्या खिडकीवर एक बाई आल्या. वडिलांसाठी रॅम्प हवा होता. नकाशावर उत्तर दिशा नव्हती. मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दिशा होती, तारीख नव्हती. पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. मुदत संपल्यावर मी फाईल बांधली, वर शेरा मारला, आणि वेळेवर घरी गेलो. त्या दिवशी मला काम उरकल्याचं समाधान वाटलं होतं, ठकू. त्या वडिलांचं काय झालं असेल, हा विचार मला तुझं पहिलं पत्र येईपर्यंत शिवलासुद्धा नाही. आता रोज येतो. तारीख मी माझ्या हातानं घालू शकलो असतो. त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं.

मी तुला नियम शिकवले. हे नियमाचं काम नाही. त्या भाऊजींकडे जा आणि खरं काय ते सांग. पण संमतीचा कागद बरोबर नेऊ नकोस. कागद दिसला तर तू कागदासाठी आली आहेस असंच कुणालाही वाटेल. नुसती जा. त्यांनी नंतर सही केली तर केली. नाही केली तरी तुझं ओझं उतरेल, आणि रॅम्पचं आपण दुसरं काहीतरी बघू.

आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग. त्या 'हो, मी लिहिलं'बद्दल त्यांच्या पाया पडावंसं वाटतंय, पण मी वयानं मोठा पडलो.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

गेले होते. परवा दुपारी, दुकानात कुणी नसताना. ह्यांना सांगितलं की बटणं आणायला जाते.

भाऊजी चाकाच्या तारा आवळत होते. मला बघून उठले नाहीत, पण हातातलं काम थांबवलं. मी बसलेही नाही. म्हटलं, "भाऊजी, ती तक्रार ह्यांनी नाही, मी लिहिली. सहीही माझीच. ह्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं." एका दमात बोलून टाकलं. घरून निघताना इतकी वाक्यं ठरवून गेले होते, त्यातलं एकही आठवलं नाही.

त्यांनी चाक एकदा फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तो माझ्या तोंडावर हो म्हणाला. मी त्याला काय काय बोललो होतो, तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी आतच होते."

"सहा वर्षं?" एवढंच म्हणाले.  मग म्हणाले, "तुम्ही आता जा. मला काही सुचत नाहीये."

मी आले. बटणं न घेताच आले आणि ह्यांच्या ते लगेच लक्षात आलं. "दुकान बंद होतं," म्हटलं. पुन्हा एक खोटं.

काल आणि आज सायकलचं दुकान उघडलेलंच नाही. हे खिडकीतून बघून म्हणाले, "याचं दुकान कधी बंद नसतं, आजारीबिजारी पडला की काय?" मामा, आजवर हे त्या बाजूला बघत असले तरी मला दाखवत नसत. मला भीती वाटतेय. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं तुम्ही म्हणाला होतात. तसं काही वाटलं नाही.

ठकू


४ मार्च

ठकू,

पंधरा दिवस होऊन गेले, तुझं पत्र नाही. फेब्रुवारीही संपला. सही झाली नसेल तर खचून जाऊ नकोस. मी इथे बसून दोन वळणांचा रॅम्प आखला आहे, तो दोन फूट पुढे जात नाही. खुर्ची वळेल की नाही याची मला खात्री नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन मी स्वतः अंगणात वळून पाहिलं. शेजारचे लोक बघत होते. बघू देत.

नकाशा सोबत आहे. जावईबापूंची तब्येत ठीक आहे ना, एवढं तरी एका ओळीनं कळव. नाहीतर मी गाडीत बसून येतो. कान नसले तरी पाय शाबूत आहेत.

मामा


१० मार्च

मामा,

माफ करा, माफ करा. लिहायला बसायला खरंच फुरसत झाली नाही. आणि अंगणात खुर्ची वळवून झाली असेल तर आता थांबा. परवानगी मिळाली! काल हातात पडली. शिक्का गोल आहे आणि जरा पुसट आहे, पण आहे.

सगळं क्रमानं सांगते. माझं पत्र टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी दाराची कडी वाजली. भाऊजी. पायऱ्या चढून सरळ आत आले, माझ्याकडे न बघता ह्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. हे म्हणाले, "काय रे, थांबा चुकला का?"

भाऊजी म्हणाले, "खोटं कशाला बोललास?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "मग काय, बायकोला पुढे करू?"

"मला नंतर एकट्यात सांगायचंस!"

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

आणि मामा, दोघं जे भांडायला लागले! सहा वर्षांचं साठवलेलं सगळं काढलं. कोण कुणाच्या लेकीच्या लग्नाला गेलं नाही, कुणी रस्ता ओलांडून तोंड फिरवलं. तास दीड तास. मधेच भाऊजी रडले, हेही रडले, आणि रडताना ह्यांचं बोलणं अजून बोबडं होतं त्यावरून भाऊजींना आणखी रडू आलं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. चहा ठेवला होता तो आटून गेला.

जाताना भाऊजी दारात थांबले आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "तो खडू माझ्या दुकानासमोर कशाला आलाय, ते मला महिनाभर समजतंय. कुठाय तो कागद?" दाराच्या चौकटीवर कागद धरून सही केली. तुम्हाला आवडेल अशी, तारखेसकट.

दोन दिवस दुकान का बंद होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सहा तारखेला इंजिनिअरबाई पाहणीला आल्या. तरुण मुलगी, कमरेला पोलादी टेप. पायऱ्यांना टेप लावला आणि म्हणाल्या, "सहा. सहा. सहा. बाई, तुम्ही एकवीस कुठून आणले? हे तर अठराच भरतात." मी म्हटलं, शक्य नाही, मी तीनदा मोजलंय. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर मोजा." मी माझा टेप लावला. सहा इंच. बरोबर सहा. मग सवयीनं वही उघडली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं, सात.

त्या माझ्याकडे बघतायत, मी वहीकडे बघतेय. मग डोक्यात उजेड पडला. कापड कापताना शिवणीत दाबायला म्हणून थोडं जास्तीचं धरतात ना, त्याला आम्ही माया म्हणतो. मला शिवण शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, माप वहीत लिहितानाच बोटभर माया धरून लिही, म्हणजे पुढे कापड कमी पडायला नको. पस्तीस वर्षं मी तसंच लिहिते. कुणाच्या दंडाचं माप असो की पायरीचं, हात आपोआप एक इंच वाढवतो. तीन पायऱ्यांचे तीन इंच आणि तुमच्या बाराच्या हिशोबानं तीन फूट! सगळ्या पायऱ्या मिळून एकदम मोजल्या असत्या तर एकच इंच चुकला असता. म्हणजे अर्धा दोष तुमचा आहे हे लक्षात ठेवा.

रॅम्प अठरा फुटांचाच. आमच्या भिंतीच्या एक फूट अलीकडे संपतो. भाऊजींच्या सहीची गरजच नव्हती.

मी त्यांच्याकडे बघायलाही धजत नव्हते. ते तिथेच उभे होते. म्हणाले, "म्हणजे माझी सही फुकट गेली?" इंजिनिअरबाई म्हणाल्या, "संमती काढून टाकू का फाईलीतून?" तर खिडकीतून हे ओरडले, "अजिबात नाही! राहू द्या ती तिथेच!" त्या मुलीला काही कळलं नाही, पण तिनं राहू दिली. उलट म्हणाली, चुकीचा नकाशा परत नेला तर आठवडा जाईल, तुम्ही आत्ता दुसरा काढून देता का? मी मशीनवरचं काम बाजूला सारून तासाभरात काढून दिला. ती ह्यांच्याशी बसच्या गप्पा मारत बसली होती. तारीख घालायची राहिली होती. तिनं स्वतःच्या पेनानं घातली. मला तुमची आठवण आली, मामा.

गवंडी सोमवारपासून येतोय. कठडा भाऊजी स्वतः करतायत, लोखंडी नळ्या वाकवून. तो डाव्या हाताला येईल असाच बसवायचा, हे त्यांनी ठरवलंय. आता काळजी एकच. हे स्वतः रॅम्पबद्दल काहीच बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "बांधा तुमच्या हौसेनं, बघू." कधीकधी वाटतं, इतकं सगळं करून ते उंबऱ्याच्या आतच राहिले तर?

ठकू


८ एप्रिल

मामा,

माझा नमस्कार. अक्षर वेडंवाकडं आहे ते डाव्या हाताचं आहे, तुमच्या भाचीचं नाही. तिला हे पत्र माहीत नाही. ती सकाळीच अस्तराचं कापड आणायला बाजारात गेलीय. यायला तिला दोन तास तरी लागतील, आणि एक तास मला एवढं लिहायलाच लागला.

रॅम्प चोवीस मार्चला पुरा झाला. ठकूनं तुम्हाला कळवलं असेलच. माझं काही कळवलं नसेल, कारण कळवण्यासारखं मी काही केलं नाही. दोन आठवडे रॅम्प दारात आहे आणि मी आतून बघतोय. गल्लीतल्या मुली त्यावरून घसरगुंडी खेळल्या. माझा दोस्त रोज येतो, कठडा हलवून बघतो, एकही डाव न जिंकता घरी जातो. ठकू काही बोलत नाही. ती बोलत नाही, हेच जास्त लागतं.

मी बाहेर पडायला नाही का म्हणत होतो, ते तिला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतो. भीती वाटते, मामा. बावीस वर्षं मागे पन्नास माणसं घेऊन शहराबाहेरचा घाट उतरलो, ब्रेकवर पाय आणि ओठांवर शीळ. आणि अठरा फुटांच्या उताराकडे नुसतं बघून खुर्ची मागे घेतो. मला उचललं तेव्हा वाटलं होतं, आता आपण सामान झालो. खाली जाऊन पडलो तर पुन्हा उचलतील. त्यापेक्षा आत बरं, असं मी स्वतःला पटवलं होतं.

तक्रारीचं मात्र तिला सांगा, तिच्यावर माझा कधीच राग नव्हता. ती बाही शिवत होती ना, तेव्हा तिनं ती तीनदा उसवली आणि तीनदा शिवली. मी बघत होतो. जिला इतकं वाईट वाटतंय तिला आणखी काय विचारायचं?

काल नवी फरशी आमच्या दारावरून पुढे गेली. आज सकाळी ती धुऊन काढली. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सपाट आहे. मी माझ्या खिडकीतून मोजलंय, सात दुकानं आणि मग टपालाची पेटी. दोस्ताच्या दुकानासमोरून जावं लागेल. त्याला मी काही सांगितलेलं नाही. तो उठून धावत येईल, तर त्याला म्हणेन, बरोबर चाल पण हात लावू नकोस. येताना चढ आहे, तेव्हा ढकल म्हणेन. ढकलणं वेगळं आणि उचलणं वेगळं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

पाकीट बंद करून खिशात ठेवतो. दार उघडंच आहे. तुमच्या भाचीला किंवा दोस्ताला हे पत्र टाकायला मी देणार नाही. तेव्हा हे तुमच्या हातात असेल, तर समजा, मी पेटीपर्यंत पोचलो.

तुमचा,
जावई